'पीली कोठी' मी पाहिला होता

हे लिहायला कौसल्याबाईंची परवानगी आहे. मी विचारायला गेलो तेव्हा त्या दारात बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. म्हणाल्या, "लिहा ना रहमतभाऊ. तुमी खरं लिहिलं का कोनी खरं मानतच नाई, मंग आमाले कायचं भेव?" अट एकच घातली, सिनेमांची नावं बदलायची. ती मी बदलली आहेत. बाकी सगळं झालं तसंच आहे.

मी दिग्रसला एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि सत्तावीस वर्षं एका साप्ताहिकात विनोदी सदर चालवलं. मुसलमान माणूस इतकं चांगलं मराठी कसं लिहितो, असं लोक कौतुकानं विचारत. बाकीचे इतकं वाईट कसं लिहितात, हे मी कधी विचारलं नाही. सदर बंद करून सहा वर्षं झाली. तरी गावात एक समज टिकून आहे, की रहमत सरांना सगळं माहीत असतं. जुनी गाणी, जुने सिनेमे, कोणत्या नगराध्यक्षाच्या काळात कोणता नाला कुठे गेला, सगळं. हा समज मीच पसरवलेला आहे.

गेल्या वर्षी कौसल्याबाईंची नात दीपमाला एका आंतरराष्ट्रीय गीत स्पर्धेत निवडली गेली. मातृभाषेतलं, स्वतःचं किंवा घरातल्याच कुणाचं गाणं, शब्द आणि चाल कुठूनही न घेतलेले, अशी अट. अंतिम फेरी जकार्ताला. आलेल्या सहाशे गाण्यांतून बत्तीस निवडली, त्यात एक दिग्रसचं. पोरीनं घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, डोक्यावर पंखा चालू ठेवून, मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं आणि पाठवून दिलं. मागं प्रेशर कुकरची एक शिट्टीही आहे.

निवडलेली बत्तीसही गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली होती. मी सगळी पाहिली, निवृत्त माणसाला वेळ असतो. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा डोंगराळ देशातली एक बाई अनवाणी, गळ्यात शेळीची घंटा बांधून गायली होती आणि पहिली आली होती. त्यामुळे या खेपेला चौदा जण अनवाणी होते. नऊ जणांच्या गळ्यात घंटा होती. एका बेटावरचे पाच तरुण तर खरी शेळीच घेऊन आले होते आणि ती गाणाऱ्यांपेक्षा शहाणी दिसत होती. प्रत्येकानं सुरुवातीला सांगितलं होतं, की आमचं गाणं फक्त आमच्याच मातीतून उगवलेलं आहे. सगळ्यांकडे तसं प्रमाणपत्रही होतं.

हे प्रमाणपत्रच दीपमालाला आणायचं होतं. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसानं सही करायची, की शब्द आणि चाल दोन्ही यांचेच, मी ओळखतो. दीपमालाचा बाप संघदीप एसटीत मेकॅनिक आहे. तो एका रविवारी अर्ज आणि आईची जुनी वही घेऊन माझ्याकडे आला.

"सर, तुमची सही पाह्यजे. स्पर्धावाले म्हनते हातानं लिहिलेलं मूळ गाणं पन दाखवा, म्हनून वही आनली."

ही वही मी ऐकून होतो. संघदीपचे वडील नागोराव चाळीस वर्षं गायन पार्टी चालवत. स्वतः पेटी वाजवायचे आणि प्रत्येक गाण्याआधी माईकवर सांगायचे, आता हे गीत अमुक चित्रपटातल्या चालीवर. या पार्ट्यांची रीतच तशी. शब्द आपले, चाल सिनेमाची, आणि ती कुठली हे वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहून ठेवायचं. त्यात लपवाछपवी काही नाही. लोकांच्या ओठावर चाल आधीच असते, मग नवा विचार तिच्या पाठीवर बसून घरोघर जातो. शब्द कौसल्याबाईही लिहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. नागोराव वारून तीन वर्षं झाली.

दीपमालानं उचललेलं गाणं कौसल्याबाईंचं, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांवरचं.

सकायी गेली सून काय्या केसाची,
सांजीले आली सासू पांढऱ्या केसाची.

दिवसभर रुई उडून केसांत बसते ती. मी पान उघडलं. गाण्याच्या वर, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चाल, चित्रपट 'पीली कोठी'.

आता इथं मी काय करायला हवं होतं, हे आज मला अगदी स्पष्ट दिसतं. "हा सिनेमा मला ठाऊक नाही, चौकशी कर" एवढंच म्हणायला हवं होतं. पण संघदीप माझ्याकडे पाहत होता. गावात ज्याला सगळं माहीत असतं, त्याच्याकडे पाहतात तसा.

"पीली कोठी," मी म्हणालो. "पाहिलाय मी. यवतमाळला, त्र्याहत्तर साली. दुपारचा खेळ."

"पाह्यला?"

"म्हणजे काय! हीच चाल. हिरोईन खिडकीत उभी राहून म्हणते. पांढरी साडी आहे."

संघदीपचं तोंड उतरलं. "पन सर, आई तर म्हने का ही चाल घे, इच्यावर कोनी काही म्हननार नाई."

"जुना सिनेमा आहे, कुणाच्या लक्षात येणार नाही, असं वाटलं असेल तिला." हे मी समजुतीच्या सुरात बोललो. समजुतीचा सूर मला चांगला जमतो. "माफ कर, मला सही करता येणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

तो वही काखेत धरून गेला. गाडीला किक मारताना त्याचा पाय दोनदा निसटला, ते मी खिडकीतून पाहिलं आणि चहा मागवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सहा वर्षांनी हाताला विषय लागला होता. मी साप्ताहिकाच्या संपादकांना फोन केला आणि खास एका अंकापुरतं सदर पुन्हा लिहिलं. नाव कुणाचं घेतलं नाही. फक्त दिग्रस, जिनिंग, पेटीवाल्याची नात आणि जकार्ता एवढेच उल्लेख केले, म्हणजे कुणाला संशय नको. 'पीली कोठी'तला प्रसंग सविस्तर लिहिला. लिहिता लिहिता खिडकीला हिरव्या काचा आल्या. खाली उभा असलेला टांगेवाला आला. मी शपथेवर सांगतो, लेख संपेपर्यंत तो टांगेवाला मला दिसायला लागला होता.

लेख गाजला. पेट्रोलपंपावर पुसदचा एक वकील म्हणाला, "सर, पीली कोठी आमीबी पाह्यला होता. काय गाणं होतं!"

घरी मात्र हमीदानं पेपर घडी करून टीव्हीखाली ठेवला. हमीदा माझी बायको. पंचेचाळीस वर्षांत ती माझ्या एकाही विनोदाला हसली नाही, म्हणूनच लग्न टिकलं असं मी भाषणात सांगत असे.

"अच्छा लिखा है," ती म्हणाली. "चोरी पर आप ही को लिखना चाहिए था."

या वाक्याला कारण आहे, आणि आता सांगूनच टाकतो. माझा सगळ्यात गाजलेला लेख, नगरपालिकेत नोकरीला लागलेल्या गाढवावरचा, शाळेच्या गॅदरिंगला आजही वाचतात तो, माझा नाही. माझ्या वालिदांकडे, म्हणजे वडिलांकडे, हैदराबादहून एक उर्दू मासिक यायचं. त्यातला आहे. गाढव मी दिग्रसचं केलं, एवढीच माझी कलाकुसर. दिग्रसमध्ये ते मासिक माझ्याखेरीज दोनच माणसांनी वाचलं होतं. एक वालिद, ते वारले. दुसरी हमीदा.

आठच दिवसांत संघदीपच्या मोबाइलवर स्पर्धावाल्यांचं पत्र आलं. त्यांच्या पुण्यातल्या माणसानं माझ्या लेखाचा फोटो पाठवला होता. गाणं रोखून ठेवलं आहे, शुक्रवारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर समाधानकारक खुलासा झाला नाही तर बाद. दीपमाला कॉलेजात जायची बंद झाली. पोरी तिला पाहून खिडकीत उभ्या राहतात आणि पदर उडवतात, असं कानावर आलं. तो पदर माझ्या लेखातला होता.

बुधवारी दुपारी कौसल्याबाई आल्या. एकट्याच, पायी. हमीदानं खुर्ची दिली, तरी त्या उंबऱ्याजवळ चटईवर बसल्या. मला वाटलं, भांडतील. भांडण मला चाललं असतं, त्याला उत्तर तयार होतं.

"रहमतभाऊ, एक विचाराचं होतं. तुमी पीली कोठी पाह्यला मने?"

"हो. पाहिलाय."

"यवतमायले?"

"यवतमाळलाच."

"चांगला होता काय?"

"ठीक होता. गाणी चांगली होती."

"शेवटी काय होते त्याच्यात?"

"शेवटी ती मरते."

"कोन, खिडकीवाली?"

"हो."

"अरेरे," कौसल्याबाई म्हणाल्या. पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. "बरं झालं तुमी सांगतलं. मले माहीत नोयतं."

हमीदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली.

"मले काहून माहीत नोयतं मनाल, तर असा कोनता सिनेमाच नाई, भाऊ. ते नाव म्या ठेवलं. जिनिंगच्या हापिसाची इमारत पिवयी होती, तिले सारे पीली कोठी म्हनत. तिच्या सावलीत बसून भाकर खाताना चाल सुचली, तं तेच नाव देल्लं."

हमीदाच्या हातातला तांब्या मी घेतला आणि पाहुणीला द्यायच्या आधी स्वतःच पाणी प्यायलो.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन आल्यावर एकदा त्यांनी स्वतःच्या मनातली चाल नागोरावांना गुणगुणून दाखवली. नागोराव म्हणाले, "हे कोनत्या सिनेमातलं? कोनत्याच नाई? मंग असं काही नसते." दोन दिवस जाऊ दिले. मग तीच चाल पुन्हा म्हणून दाखवली आणि सांगितलं, माहेरी भावाच्या रेडिओवर ऐकली, अमुक सिनेमातली आहे. नागोराव पेटीवर बोटं ठेवून म्हणाले, "हो, हो. आयकल्यासारखी वाटून राह्यली." आणि पहिल्याच कार्यक्रमात गाणं उचललं गेलं. तिथून पुढे वहीतल्या त्रेसष्ट गाण्यांपैकी एकोणीस चाली अशाच सिनेमांतल्या. 'बनारसी डाकिया' हा गावात पान खाऊन पत्रं वाटणारा पोस्टमन होता. 'तूफानी बहू' म्हणजे त्या स्वतः. सासू म्हणायची तसं.

"आन् कुणालाच कळलं नाही?" हमीदानं विचारलं.

"कोन म्हनन का म्या पाह्यला नाई? सारेच म्हनत पाह्यला. तबलेवाला तं म्हने दोनदा पाह्यला." त्या हसल्या, मग माझ्याकडे पाहून थांबल्या. "मले वाटलं, रहमतभाऊ शिकेल मानूस हाय, ते नाई म्हननार."

हे त्या टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

त्या गेल्यावर हमीदा म्हणाली, "दूसरे का माल अपना बोलनेवाले को तो मैं रोज चाय देती हूँ. अपना माल दूसरे का बोलनेवाली आज पहली बार देखी." आणि चहा न देताच आत गेली.

गुरुवारी मी संपादकांकडे माफीचा मजकूर पाठवला. असा सिनेमा नाही, मी तो पाहिलेला नाही, खिडकी, काचा, टांगेवाला सगळं खोटं. त्यांनी वाचून फोन केला, हसता हसता त्यांना ठसका लागला होता. "सर, जबरदस्त! जुना फॉर्म परत आला." शुक्रवारी सकाळच्या अंकात छापून आल्यावरही तेच. चोरीचा आरोप केला तेव्हा सगळ्यांनी खरा मानला आणि माफी मागितली तेव्हा तिला विनोद समजले. पुसदच्या वकिलानं तर निरोप धाडला, की काही म्हणा, आम्ही मात्र पाहिला होता.

तेव्हा उरला शुक्रवारचा चारचा व्हिडिओ कॉल. माझी मुलगी गझाला यवतमाळला कॉम्प्युटर शिकवते, ती लॅपटॉप घेऊन आली आणि दुभाषीण झाली. माझ्या बैठकीत मी, कौसल्याबाई, संघदीप आणि दीपमाला. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. पडद्यावर तिघं जण. मधल्या बाई चष्म्यावरून पाहणाऱ्या, समितीच्या अध्यक्ष.

गझालानं आधीच त्यांना कळवलं होतं, की या नावाचा सिनेमा कुठल्याच यादीत सापडत नाही. बाईंनी मान हलवली आणि मला विचारलं. गझालानं मराठी केलं:

"त्या म्हणतात, वय झालं की दोन सिनेमांची सरमिसळ होते. तुमच्याकडून आठवणीची चूक झाली का?" मग खालच्या आवाजात, "अब्बा, भूल गये थे बोल दूँ? बात खतम हो जायेगी."

तुम्हाला सांगतो, इतकी मऊ गादी माझ्यासाठी कुणी कधी अंथरली नव्हती. बहात्तरचं वय. विसरलो म्हटलं की सगळे सहानुभूतीनं पाहणार. मी तोंड उघडलंही. मग कौसल्याबाईंचे हात दिसले. मांडीवरची वही त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. सरमिसळ झाली म्हटलं तर चाल कुठल्या तरी दुसऱ्या सिनेमात ऐकली असं ठरतं. नाव चुकलं, चाल मात्र ऐकलेली. मग पोरगी घरीच राहणार.

"नाही," मी म्हणालो. "चूक नाही. मी खोटं बोललो. ही चाल मी दीपमालाच्या तोंडून ऐकण्याआधी आयुष्यात कधी ऐकली नव्हती."

गझाला माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ते इंग्रजीत सांगितलं. ते फार थोड्या शब्दांत झालं.

"त्या विचारतात, का?"

"पोरगा माझ्याकडे बघत होता. मला माहीत नाही, असं म्हणवेना."

"आज खरं बोलताय, हे कशावरून?"

"आज मला लाज वाटते आहे. त्या दिवशी मजा वाटत होती."

हे गझालानं सांगितलं की नाही, मला कळलं नाही. ती लॅपटॉपकडे वाकून काहीतरी पुटपुटली. संघदीप पंख्याकडे बघत होता. आपल्या पोरीसमोर आपण एवढे लहान होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दीपमालानं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली, जशी कुणाच्या उघड्या जखमेवरून काढतात.

मग बाईंनी कौसल्याबाईंना विचारलं, चाल कुणाची?

कौसल्याबाई मांडीवरच्या वहीकडे पाहू लागल्या. दीपमाला म्हणाली, "आजी, बोल ना वं." कौसल्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला, पुन्हा मागे केला. नवऱ्याचं नाव घ्यायला लावल्यासारख्या त्या लाजत होत्या.

"माही," त्या म्हणाल्या.

बाई पहिल्यांदाच हसल्या. वहीची पानं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. गझाला धरत गेली. बाई पुढे झुकल्या आणि भराभरा बोलू लागल्या. गझालाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "त्या म्हणतात, गाणं स्पर्धेत राहील. आणि वहीत अजून पुष्कळ सिनेमे असे दिसतात, जे सापडत नाहीत. त्या सगळ्या चाली जर तुमच्याच असतील, तर जकार्ताला त्यांचा वेगळा कार्यक्रम ठेवता येईल. तुमच्या एकट्या नावानं. तुमच्याच आहेत ना, आजी?"

मी मनात आकडा घोळवून बसलो होतो, एकोणीसमधून एक गेला, अठरा.

"नाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "ते सिनेमातल्याच हायेत. जुने सिनेमे. तुमाले भेटनार नाई."

कॉल संपला. संघदीप पोरीला मिठी मारून रडत होता, हमीदा साखर आणायला गेली होती. मी कौसल्याबाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "हे काय केलंत? तुमच्याच तर आहेत!"

त्यांनी वही पिशवीत घातली. "भाऊ, संघदीपचे बाबा चाळीस वर्ष माईकवर सांगत गेले, अमक्या चित्रपटातल्या चालीवर. हजार हजार लोकाईसमोर. आता म्या म्हनू का ते खोटे होते? जित्तं मानूस तरी उलटून बोलते. तुमी बोलले आज. ते कसे बोलतीन?"

"पण एक तर सांगितलंतच ना."

"एक पोट्टीसाठी गेलं. त्याची माफी मांगन मी त्याईले. बाकीचे राहू द्या."

सत्तावीस वर्षं मी लोकांची लाज चव्हाट्यावर मांडून पोट भरलं, म्हणजे पोट पगारावर भरलं, हौस त्यावर भागवली. एखाद्याची लाज अशी पदराखाली घेऊन चालता येतं, आणि त्यासाठी स्वतःचं नाव सोडता येतं, हे माझ्या कुठल्याच लेखात आलेलं नव्हतं. उर्दूतल्याही नाही.

"आन् तुमच्याकडून एक पाह्यजे," त्या म्हणाल्या. "लोक आता विचारतीन. का बावा, पीली कोठी तं नोयता, मंग हे बाकीचे तरी होते का नोयते? तुमाले विचारतीन, तुमालेच सारं माहीत असते म्हनून."

"मग? काय सांगू?"

"पाह्यले म्हना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

परवाच आठवडी बाजारात तबलेवाल्यानं मला अडवलं. वय ऐंशी, हातात कांद्यांची पिशवी. जवळ आला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, खरं सांगा. बनारसी डाकिया होता ना हो? म्या दोनदा पाह्यला, पन आता घरचे पोट्टे हासते."

"होता," मी म्हणालो.

"तुमी पाह्यला?"

"पाहिला."

त्याचा चेहरा सैल झाला. पिशवी दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "मी म्हनलंच होतं," आणि भाजीच्या गर्दीत निघून गेला. माझे कान मात्र घरी पोचेपर्यंत तापलेले होते.